ग्लॅडिस स्वतःच्या वाफेवर

"आमची ग्लॅडिस स्वतःच्या वाफेवर घरी येणार. तिला ओढायला डिझेल इंजिन लागलं, तर एम्रिस नाव लावणार नाही!" हे मी गावच्या क्लबात चारचौघांत ठणकावलं होतं.

का नाही ठणकावणार? गंजून भंगारात निघालेलं ते इंजिन आम्ही हौशी मंडळींनी बावीस वर्षं दर शनिवारी खपून उभं केलं होतं. चालवणार मी, कोळसा टाकणार माझी बायको नेस्टा. शेवटच्या स्टेशनात सकाळपासून इद्वलकाका येऊन बसले होते. वय एक्याण्णव. ही गाडी बंद पडेपर्यंत त्यांनीच चालवली होती. "डोळे मिटायच्या आत तिला फलाटात शिरताना बघू दे रे," एवढंच त्यांचं मागणं.

डब्यांत शंभर फोटोवाले. त्यांची एक रीत असते. वाटेत कुरणात उतरायचं, गाडीने अर्धा मैल मागे जायचं आणि धूर सोडत त्यांच्यासमोरून सुसाट निघायचं. फोटो झाले की मंडळी परत डब्यात. हे एकदाच करायचं असतं, कारण टाकीत पाणी बेताचं.

पहिल्या फेरीला त्यांचा म्होरक्या क्लेडविन म्हणाला, "धूर पांढरा पडला. काळा हवा."

दुसऱ्या फेरीला नेमकी मेंढी मधे येऊन उभी राहिली. तिसरीला ऊन गेलं. वेल्समधलं ऊन ते, वीस मिनिटं वाट बघायला लावलीन त्याने.

"पाणी तळाला चाललंय," नेस्टा म्हणाली. "आता पुरे."

मी ऐकणारच होतो हो! पण क्लेडविनने कॅमेऱ्यात फोटो दाखवला. डोंगर, पूल, काळाभोर धूर, सगळं झकास. आणि खिडकीत मी, टोपी कानावर घसरलेली, तोंड उघडं.

"नेस्टा, शेवटचं एकदा."

"इंजिनाचा फोटो काढतायत ते, तुझा नाही!"

तरी गेलो. टोपी नीट, हनुवटी वर. फोटो अप्रतिम आला म्हणतात. माझं लक्ष मात्र बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेकडे गेलं. काचेत थेंबभर पाणी उरलं होतं. अशा वेळी भट्टी पेटती ठेवली तर बॉयलर फुटतो. दोघांनी सगळे निखारे रुळांवर ओढून टाकले. बावीस वर्षांची मेहनत मेंढ्यांच्या घोळक्यात थंड होत उभी राहिली.

नेस्टाने डिझेलवाल्या ट्रेव्हरला फोन लावला. तो दहा मिनिटांत हजर. सकाळपासून इंजिन सुरूच ठेवलं होतं म्हणे मेल्याने! साखळी लावली आणि निघाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डिझेलमागून फरफटत आम्ही स्टेशनात शिरलो. स्वागताला वाजणारा बॅंड मधेच थांबला. इद्वलकाका काठी टेकत पुढे आले, डोळ्यांतून धारा लागलेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, माफ करा. माझंच चुकलं."

"माफी कसली?" म्हाताऱ्याने माझे दोन्ही हात धरले. "हुबेहूब रे, हुबेहूब! चौदा वर्षं चालवली मी हिला. दर खेपेला दुसरं इंजिन जाऊन ओढून आणायचं. मला वाटलं, तुम्ही दुरुस्त करून बिघडवली असेल."