तीस अक्षरांचा कॉलम

"दहा मिनिटांचं काम!" असं मी सुनेला फोनवर छातीठोकपणे सांगितलं. वाचकहो, आयुष्यात छाती ठोकायचे प्रसंग मला फारसे आले नाहीत. त्यामुळे ती किती ठोकावी याचा अंदाज नव्हता.

आमच्या वस्तीतल्या लहानशा वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळतो. निवृत्तीनंतर पुस्तकं वाचूनच हे शिकलो. म्हणजे शिकलो असं वाटत होतं. साइटवरच्या पुस्तकांच्या यादीत शेवटचा कॉलम 'शेरा'. तो माझ्या बायकोचा. परत आलेलं प्रत्येक पुस्तक ती वाचायची आणि त्या कॉलमात दोन-तीन वाक्यं लिहायची. अकराशे पुस्तकं, अकराशे शेरे! तिला जाऊन दोन वर्षं झाली. घरात तिने लिहिलेलं दुसरं काही नाही. वाण्याची यादीसुद्धा ती तोंडपाठ ठेवायची.

पण मोबाइलवर हे शेरे सुटलेल्या नाडीसारखे पानाबाहेर लोंबत. म्हटलं, एक आटोपशीर नवा कॉलम करावा.

सून ऑफिसात हीच कामं करते. ती म्हणाली, "बाबा, जुन्या कॉलमला हात लावू नका हं. शेजारी नवा करा, मजकूर उतरवा, महिनाभर दोन्ही राहू द्या. जुना काढायचा तो अगदी शेवटी. साइट चालू आहे, लोक आत आहेत!"

माणूस बसलेला असताना खुर्चीचा पाय बदलायचा, तसलं हे काम. मी "हो हो" म्हणालो.

नवा कॉलम केला. तीस अक्षरं पुरेत असं ठरवलं. मजकूर उतरवला. वरचे, सर्वांत जुने पाच शेरे तपासले. 'छान.' 'ठीक.' 'पानं सुटली आहेत.' सगळे जागच्या जागी! जुना कॉलम उडवला. नऊ मिनिटं!

सुरुवातीला बायको बुजत बुजत लिहायची, नंतर मोकळी झाली, हे मला आठवायला हवं होतं.

पहिला फोन एका निवृत्त मास्तरांचा. त्यांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं आहे.

"तुमच्या साइटवर लिहिलंय, 'सरांचं पुस्तक वाचवत नाही इतकं'! इतकं काय?"

"इतकं करुण आहे, असं होतं हो सर!"

"मग करुण गेलं कुठे?"

तेवढ्यात दाराशी दातांच्या डॉक्टरीणबाई. हातातला मोबाइल त्यांनी माझ्या नाकासमोर धरला. 'डॉक्टरीणबाईंनी पुस्तक फाडलेलं'. पुढचं 'बघून स्वतः चिकटवून दिलं' हे गायब! मी इतक्यांदा माफी मागितली की शेवटी त्याच मला पाणी देऊन गेल्या.

सुनेला फोन केला. संगणक काना-मात्राही वेगळे मोजतो, हे तेव्हा कळलं.

"बॅकअप घेतलाय ना, बाबा?"

"घेतला की!"

"कधी?"

"काम झाल्यावर. आधी काही बिघडलंच कुठे होतं?"

"आणि आधीचा बॅकअप?"

"एकच ठेवतो. नवा घेतला की जुना पुसला जातो."

मग ती हळूच म्हणाली, "आईंची वाक्यं तुम्ही नेहमी मधेच पुरी करायचात. आता करा. पण वहीत! साइटला हात लावू नका, मी रविवारी येऊन कॉलम मोठा करते."

ती म्हणते ते खरं आहे. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. त्याची कसर मी घरी भरून काढायचो. बायकोने वाक्य सुरू केलं की शेवट माझा, आणि दर वेळी चुकीचा! "अहो, ऐका तरी!" म्हणायची.

वही घेऊन बसलो. एका कादंबरीवर तिचा शेरा उरला होता, 'यातला नवरा ह्यांच्यासारखाच, पण'.

'पण उंच आहे' असं लिहिलं. खोडलं. 'पण त्याला पोहता येतं.' तेही खोडलं. आयुष्यभर ज्याला एक क्षण लागत नव्हता, त्याला दुपार गेली. शेवटी लिहिलं, 'पण बायकोचं ऐकून घेतो.'

हे मात्र खोडवेना. वहीत ठेववेना. साइट उघडली, तेवढे शब्द टाइप केले आणि जतन केलं. 'जतन झालं' असं संगणक म्हणालाही. पान उघडून पाहिलं.

'यातला नवरा ह्यांच्यासारखाच, पण'.

कॉलम अजून तीसचाच होता. सून रविवारी येईल. तोवर थांबलो आहे.