टीगसाहेबांचं होय आणि नाही

महिनाभरात परीक्षक येणार होते आणि वेंडेल स्ट्राउडला कोडमधलं, म्हणजे टाक्या-बॉयलर बनवायच्या नियमांच्या ग्रंथातलं, ओ की ठो कळत नव्हतं. टल्सातल्या त्याच्या कारखान्यात दाबाखालचा वायू साठवायच्या टाक्या बनत. वेंडेल तिथला तपासणी-प्रमुख होता, गेल्या मंगळवारपासून. आधीचा प्रमुख मासे धरायला गेला आणि तिथूनच फोनवर निवृत्त झाला. परीक्षक वेंडेलला प्रश्न विचारणार, तो अडखळला की टाक्यांवर मारायचा मंजुरीचा शिक्का काढून नेणार. शिक्क्याविना टाकी म्हणजे नुसतं पिंप, आणि अकरा माणसं घरी.

"कोर्स कर की मग," म्हणत ऑफिसातल्या लोरेटानं कॅटलॉग पुढ्यात आपटला. त्यात एकेचाळीस कोर्स होते. त्यातला कुठला घ्यायचा हे कळायलाच एखादा कोर्स लागला असता.

म्हणून तो हार्लन टीगना गाठायला गेला. हे निवृत्त इन्स्पेक्टर रोज सकाळी कारखान्यात कॉफी प्यायला येत. टाकीवर टिचकी मारून ते नेमक्या कच्च्या जोडावर बोट ठेवत, तेव्हा वेल्डर टोप्या काढत. कोडबद्दलच्या शंका सोडवणाऱ्या समितीवर त्यांनी तीस वर्षं काढली होती. ती समिती 'होय' किंवा 'नाही' एवढंच म्हणते, आणि शंकेत कोडचं कलम दिलेलं नसेल तर शंका परत पाठवते. साहेब समितीतून उठले, सवय उठली नाही.

"साहेब, बॉयलरचा कोर्स घेऊ की टाक्यांचा?"

"होय."

वेंडेल भारावून परतला.

"होय म्हणजे कुठला?" लोरेटानं विचारलं.

"एवढा मोठा माणूस होय म्हणाला. मी कोण उलट विचारणार?"

तिनं दोन्हीकडे त्याचं नाव घातलं. बॉयलरचा कोर्स कोलंबसला, टाक्यांचा ह्यूस्टनला. एकाच सोमवारी.

"साहेब, एका दिवशी दोन गावी जाता येतं का?"

साहेबांनी घोट घेतला. "कलम?"

असं कलम कोडमध्ये नाही, हे कळायला वेंडेलला चार दिवस आणि कोडचे दोन खंड लागले. वाटेत बॉयलरची व्याख्या सापडली. "या कलमानुसार आपल्या टाक्या बॉयलर ठरतात का?"

"नाही."

कोलंबस रद्द झालं. पण टाक्यांचेच कोर्स नऊ निघाले! जोडांचा, जाडीचा, दाबचाचणीचा. प्रत्येकासाठी कलम शोध, प्रश्न मांड, कॉफी संपायच्या आत विचार. या भानगडीत ह्यूस्टनचा सोमवारही निघून गेला.

"अरे बाबा, सगळे कोर्स भरले!" लोरेटा ओरडली. "आणि परीक्षक परवा येतायत!"

वेंडेल धावत सुटला. "साहेब! प्रमुखाला कोडचं पुरतं ज्ञान हवं, असं हे कलम म्हणतं. त्यानुसार मला कोर्सची गरज आहे का?"

साहेबांनी त्याच्या काखेतले तीन जाडजूड खंड पाहिले. पानापानांत खुणेच्या चिठ्ठ्या होत्या.

"नाही."

वेंडेलनं तिन्ही खंड टेबलावर आदळले. "म्हणजे हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं!"

आणि टीगसाहेबांच्या तोंडून चक्क एक आख्खं वाक्य बाहेर पडलं. वेल्डरांनी मशिनं बंद केली.

"तेव्हा विचारलं असतंस, तर 'होय' म्हणालो असतो."