तीजेच्या दुरडीवरील लालीबाईसाहेबांची मोहीम

श्रावणमासी घाटंजी परगण्यातील बंजारा तांड्यात जे घडले ते डोळां देखिले तैसे लिहितो, पदरचे काही घालीत नाही.

राजश्री हिरासिंग यांची नात लालीबाईसाहेब, वय वर्षे नऊ. जन्मकाळी मेंदूस इजा होऊन पायांचे स्नायू ताठ आणि दुबळे जाहले. जिभेस मात्र काडीचा बाध नाही. तांड्याची रीत ऐसी जे, तीजेचे सणास कुमारिकांनी दुरडीत गहू पेरून त्या तांड्याचे मुखिया नायक भीमसिंग यांचे अंगणी ठेवाव्या आणि नऊ दिवस स्वहस्ते पाणी घालावे. गतसाली बाईसाहेबांस काकाने खांद्यावर नेले, तो अपमान मनी सलत होता, सबब यंदा पायी कूच करण्याचा निश्चय जाहला. मग व्यायामवाल्या शीला मॅडम यांचे मसलतीने चार मास पायांस रेतीच्या पुरचुंड्या बांधोन बाईसाहेब स्टुलावरून उठत, बसत, मॅडमचा उद्धार करीत आणि पुन्हा उठत. पायांत जोर आला.

परंतु गनीम निराळाच निघाला! अवघा तांडा मायाळू. पोर जरा अडखळली की कोणी तरी उचललीच. एके दिवशी काकाने, एके दिवशी खुद्द नायकाने, आणि बाकी सारे दिवस आजी रुखमाबाईंनी. आठ दिवस पाणी कडेवरूनच पडले. मग संतापोन फर्मान सुटले की, "जो कोणी मले उचलन त्याच्याशी कट्टी! दादी, तुह्यासंग तं पक्की कट्टी!" तांडा चळचळा कापला.

नववा दिवस अखेरचा. गळ्यात पाण्याची बाटली, हाती वॉकर. काळी माती वॉकरच्या पायांस चिकटे, ती झटकावी, मग पाऊल, मग दम, मग पाऊल, ऐसे करीत नायकाचे अंगण गाठिले आणि तेथल्या एकुलत्या पायरीवर बाईसाहेब मटकन बसल्या. काका धावला, तो रुखमाबाईंनी त्याचा सदरा धरोन मागे खेचिला, आणि स्वतःचे दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळोन मोठ्याने रडू लागल्या. अरे, काय तो प्रसंग! कोणी जागचे हलले नाही.

मग स्टुलावरील विद्या कामी आली. बाईसाहेब वॉकर धरोन थरथरत उठल्या, दुरडीपाशी गेल्या आणि बाटली ओतिली. निम्मे पाणी गव्हांवर, निम्मे नायकाचे पायांवर. मग मागे वळोन आज्ञा केली की, "दादी, आता उचल."

मोहीम फत्ते. परतीची मजल आजीचे कडेवरून जाहली, परंतु ती बाईसाहेबांचे हुकुमाने जाहली, हे दफ्तरी दाखल असो.