भिंतीवरचा कुकर

चहा प्यायला खाली उतरायचं नाही, एवढंच पेंटरने त्या मंगळवारी ठरवलं होतं. त्यापलीकडे त्याच्या डोक्यात काहीही नव्हतं (बायकोच्या मते एरवीही फारसं नसतं). परांची वीस फूट उंच, गुडघे बावन्न वर्षांचे, आणि एकदा खाली आलं की पुन्हा वर चढायला स्वतःचीच मनधरणी करावी लागते. म्हणून त्याने वरून दोरी सोडली आणि बायकोला दोरीच्या टोकाला थर्मास बांधायला सांगितलं.

"गाठ घट्ट मार," तो वरून म्हणाला.

"गाठीची काळजी मला. तुम्ही तोल सांभाळा," ती खालून म्हणाली, गाठ मारली आणि घराकडे निघालीसुद्धा, कारण कपडे वाळत होते.

गाठ घट्टच होती. घट्ट नव्हतं ते झाकण. थर्मास वर येता येता आडव्या बांबूला थडकला, झाकण उडालं आणि दोन कप गरम चहा पांढऱ्याशुभ्र भिंतीवर जाऊन बसला.

भिंत साधी नव्हती. बर्फाच्या कारखान्याची ती मागची बाजू, हमरस्त्याकडे तोंड करून उभी. शनिवारी गावाबाहेरच्या मैदानावर मोठा संगीत महोत्सव होता आणि त्यात कोण कोण गाणार हे आयोजकांनी गुपित ठेवलं होतं. भिंतीवर फक्त पाच चित्रं काढायची: छत्री, होडी, दोन चमचे, कंदील आणि अर्धं टरबूज. एकेक चित्र म्हणजे एकेका कलाकाराची खूण. ज्याला ओळखता येईल त्याने ओळखावं. नावं शनिवारी पडदा उघडल्यावरच कळणार.

छापील फ्लेक्स आल्यापासून पेंटरला कुणी भिंत दिली नव्हती. दुकानांच्या शटरवर फोन नंबर लिहून तो दिवस ढकलत होता. त्यामुळे आयोजकांचा मॅनेजर (पंचविशीतला पोरगा, डोक्यावर अंबाडा) जेव्हा म्हणाला, "काका, आम्हाला हाताने रंगवलेलंच हवंय," तेव्हा पेंटरला त्याला अंबाड्यासकट मिठी मारावीशी वाटली. चित्रांबद्दल कुणालाही काही सांगणार नाही, अशा कागदावर मॅनेजरने त्याची सही घेतली. सांगायला पेंटरला मुळात काही माहीतच नव्हतं. कुठलं चित्र कुणाचं, हे त्याला कोण सांगणार? पण त्याने सही इतक्या ऐटीत ठोकली की कागद फाटला.

आणि आता होडी आणि चमचे यांच्यामध्ये ताटाएवढा डाग पडला होता.

चहाच्या डागावर पांढरा रंग मारला तर तो दोन दिवसांनी पुन्हा डोकं वर काढतो, हे पेंटरला ठाऊक होतं. त्याच्या धंद्यात त्यावर एकच उपाय. पुसत बसायचं नाही, डागाचं काहीतरी करायचं. पानाचा डाग असेल तर पान, पक्ष्यासारखा असेल तर पक्षी. हा डाग गोल, तपकिरी, एका बाजूला लांब ओघळ आलेला. पेंटरने डोळे बारीक केले आणि त्याला साक्षात गोगलगाय दिसली. डाग म्हणजे शंख, ओघळ म्हणजे पुढे ताणलेली मान. त्याने शंखावर वळसे काढले, वरच्या बाजूला दोन शिंगं दिली आणि खाली उतरून लांबून पाहिलं. फार गोड दिसत होती. पाच चित्रांत एक गोगलगाय कुणाच्या लक्षात येणार, असं म्हणत तो घरी गेला.

बुधवारी सकाळी तो दाढी करत असताना मुलीने मागून येऊन त्याला मिठी मारली. दाढीचा साबण तिच्या केसांना लागला तरी तिने सोडलं नाही. पेंटर घाबरला. मुलगी गेल्या महिन्यात कॉलेजच्या एका विषयात नापास झाली होती आणि तेव्हापासून ती घरात असून नसल्यासारखी होती. विचारलं तर "हं", जेवायला बोलावलं तर "नंतर". आणि आज ही मिठी.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"काय माहीत होतं?"

उत्तरादाखल तिने फोन समोर धरला. भिंतीचा फोटो होता. खाली शेकडो लोकांनी डोकं चालवलं होतं. छत्री म्हणजे भर पावसात कार्यक्रम न थांबवणारा तो म्हातारा गायक. दोन चमचे म्हणजे स्वयंपाकघरातली भांडी वाजवणारा बँड. होडीला वल्हं नाही, म्हणजे ज्यांचा ड्रमर पळून गेला ते लोक. टरबूज अर्धंच का, यावर अजून भांडण चाललं होतं. पण या सगळ्यांना मागे सारून एका चित्राभोवती लोकांनी लाल गोल काढला होता.

"आई," मुलीने स्वयंपाकघराकडे पाहून विचारलं, "हे काय आहे?"

आईने हात पुसत फोनमध्ये पाहिलं. "कुकर."

"आणि कुकर काय करतो?"

"काय करणार, शिट्टी."

"शिट्टी," मुलगी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

शिट्टी हे एका गायिकेचं टोपणनाव होतं. गाण्याच्या मध्येच शब्द सोडून ती अशी शीळ घालायची की ऐकणारा हातातलं काम विसरायचा. तीन वर्षांपूर्वी तिने गाणं अचानक थांबवलं होतं. का, ते कुणालाच कळलं नव्हतं. पेंटरच्या मुलीच्या खोलीत भिंतीवर तिचेच फोटो होते, आणि नापास झाल्यापासून त्या खोलीतून तिचाच आवाज ऐकू येत होता.

"हे बघ," पेंटर तोंडावरचा साबण पुसत म्हणाला, "तो कुकर नाही. ती गोगलगाय आहे."

मुलगी हसली. किती दिवसांनी हसली होती.

"कळलं, बाबा. तुम्ही कागदावर सही केलीय ना? तुम्हाला असंच सांगावं लागणार."

"अगं, खरंच सांगतोय. चहा सांडला होता."

"सही केली असेल तर पाळायलाच हवी," बायको म्हणाली. "तू खोदून विचारू नकोस त्यांना."

पेंटरने आणखी दोनदा खरं सांगून पाहिलं. प्रत्येक वेळी दोघींचा त्याच्याबद्दलचा आदर वाढतच गेला. तीस वर्षांच्या संसारात बायकोने त्याच्याकडे असं कौतुकाने कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे तिसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज जरा खाली आला. (तो खाली यायला नको होता, हे त्याचं त्यालाही कळत होतं.)

दिवसभर मात्र त्याचं कशात लक्ष लागेना. मुलगी गुणगुणत होती, दोन वेळा पोटभर जेवली होती, आणि शनिवारी पडदा उघडल्यावर तिथे शिट्टी नसणार होती. त्या क्षणी मुलीचा चेहरा कसा होईल, ते त्याला रंगासकट दिसत होतं. शेवटी त्याने ठरवलं, गोगलगाय इतकी गोगलगाय करायची की आंधळ्यालाही कळावं.

गुरुवारी सकाळी डबे घेऊन तो भिंतीपाशी पोहोचला तर खाली पन्नास-साठ पोरंपोरी फोन उंचावून उभी. तो परांचीवर चढू लागताच सगळे गप्प झाले. त्याने ब्रश चिंधीला तीनदा पुसला.

"तीन," खालून कुणीतरी म्हणालं. "तीन गाणी."

त्याने पाठ खाजवली. त्याचाही कुणीतरी फोटो घेतला. पेंटरने दातावर दात दाबून गोगलगाईच्या मागे चिकट रेषा काढली, गोगलगाय सरपटत गेल्यावर मागे राहते तशी, चकचकीत, वळणावळणाची. शिंगांच्या टोकांना दोन टपोरे डोळे दिले. आता कुणाची बिशाद आहे, असं म्हणून तो खाली उतरला.

"वाफ," एक मुलगी कुजबुजली. "वाफ निघालीय. म्हणजे नक्की येतेय."

"आणि वर दोन शिट्ट्या," दुसरा म्हणाला. "एक वाजवून जाणार नाही, पुन्हा येणार."

पेंटर त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "मुलांनो, ही गोगलगाय आहे. मी काढलीय, मला माहीत आहे."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी मिळून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या चालू असतानाच मॅनेजर स्कूटरवरून आला. त्याचा अंबाडा सुटला होता. त्याने पेंटरला दंडाला धरून कारखान्याच्या कोपऱ्याआड नेलं.

"काका, कुकर कुणी सांगितला होता?"

"गोगलगाय आहे ती."

"तेच विचारतोय. गोगलगाय तरी कुणी सांगितली होती? पाच चित्रं होती."

या जगात आपल्यावर विश्वास ठेवणारा एक माणूस सापडला, या आनंदात पेंटरने त्याला थर्मासपासून सगळं सांगून टाकलं. मॅनेजर भिंतीला टेकून खाली बसला. कालपासून तिकिटं संपली होती, आणि ती ज्या बाईच्या नावावर संपली होती तिने त्याला आजवर तीनदा नकार दिला होता. आता तिला फोन करून माफी मागायची आणि मग लोकांना खरं सांगायचं, एवढंच हातात होतं.

"मी पण बोलतो फोनवर," पेंटर म्हणाला. "चहा माझा होता."

मॅनेजरने फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि जे काही बोलायचं ते अडखळत बोलला.

"फोटो पाहिलाय मी," पलीकडून शिट्टी म्हणाली. आवाज थकलेला होता. "कालपासून शंभर जणांनी पाठवला. ज्यांनी काढलं ते आहेत का तिथे?"

पेंटर फोनजवळ वाकला. "आहे, बाई. माझीच चूक. वरून चहा सांडला, डाग पडला, म्हणून काढली."

"पुसून का नाही टाकला?"

"पुसला की पसरतो. झाकला की पुन्हा वर येतो. मग निदान त्याचं काहीतरी करतो आपण. या वेळी गोगलगाय केली."

"कुकर दिसतोय, काका."

"हो. सगळे तेच म्हणतात."

ती हसली. मग थांबली आणि हळूच सांगू लागली. तीन वर्षांपूर्वी भरल्या कार्यक्रमात शीळ घालताना तिचा श्वास अडकला होता आणि नुसती हवा निघाली होती. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. त्यानंतर तिने घरातसुद्धा शीळ घातली नव्हती.

"आता घातली आणि पुन्हा हवाच निघाली तर?" तिने विचारलं, आणि मॅनेजरला नाही, पेंटरला.

पेंटरला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो बिचारा विचार करून म्हणाला, "माझ्या भिंतीखाली साठ पोरं उभी आहेत, बाई. एका गोगलगाईत त्यांना तुम्ही दिसलात. हवा निघाली तर त्यातही त्यांना काहीतरी दिसेल. माझी मुलगी त्यातलीच आहे. महिनाभर तोंड मिटून बसली होती, काल तुमच्या नावाने जेवली."

मॅनेजर नखं खात होता.

"किती वाजता यायचं?" तिने विचारलं.

शनिवारी संध्याकाळी, ऊन अजून मैदानावर असताना, पडदा उघडला. छत्रीवाले, होडीवाले, चमचेवाले सगळे गाऊन गेले आणि शेवटी ती आली. पहिली शीळ जरा कापरी निघाली. दुसरी निघाली तेव्हा पेंटरच्या शेजारी उभी असलेली त्याची मुलगी दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती आणि मधूनच हसत होती. बायकोने पर्समधून रुमाल काढून आधी मुलीला दिला, मग स्वतः वापरला. पेंटरने डोळ्यांत धूळ गेल्याचं जाहीर केलं.

तीन गाणी झाल्यावर (हो, तीनच) तिने माइकवरून पेंटरला बोलावून घेतलं. हजारो लोकांच्या टाळ्यांत तो इस्त्रीच्या शर्टात स्टेजवर चढला.

"काका," ती हसत म्हणाली, "यांना एकदा सांगून टाका. ते चित्र कशाचं आहे?"

हीच ती संधी होती. पेंटरने घसा साफ केला, माइक दोन्ही हातांनी धरला आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं स्पष्ट सांगितलं, "ती गोगलगाय आहे."

मग टाळ्या, शिट्ट्या, हजारो फोन वर. पेंटर मान ताठ ठेवून पायऱ्या उतरला. चार दिवसांचं ओझं उतरलं होतं.

खाली मुलगी मैत्रिणींच्या घोळक्यात भरभर बोलत होती. "गोगलगाय म्हणजे हळूहळू. म्हणजे नवा अल्बम येतोय, पण पुढच्या वर्षी. दोन शिंगं म्हणजे दोन भाग. बाबांनी बघ किती बेमालूम सांगितलं."

पेंटरने हताश होऊन बायकोकडे पाहिलं. निदान हिला तरी.

बायकोने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सही होती तोवर ठीक होतं हो. आता ती आली, गाऊनही झालं. मग एवढ्या लोकांसमोर खोटं कशाला बोललात?"

"अगं, गोगलगायच आहे ती."

"राहू द्या. तीस वर्षं रोज कुकर लावतेय मी. कुकर कसा दिसतो, ते मला शिकवू नका."