घरजावयाची तपासणी

नवापूर तालुक्याच्या टोकाला, जिथं महाराष्ट्र संपल्याचं फक्त मोबाइलला कळतं, तिथं रूपसिंगचं घर. नाल्यापलीकडे गुजरात. नाल्यातले खेकडे सकाळी या राज्यात, दुपारी त्या राज्यात. त्यांना दाखला कुणी मागत नाही. पलीकडच्या गावात प्रयोगशाळा असलेली सरकारी निवासी शाळा होती. रूपसिंगच्या मुलीला, ग्रेसीला, नववीसाठी तिथंच जायचं होतं. अलीकडच्या शाळेतही विज्ञान होतं, पण ते फळ्यावर. खडू संपला की तेही नसे.

पलीकडच्या शाळेच्या प्रवेश खिडकीत रतिलालभाई बसत.

"उमेदवार परराज्यातली," ते गंभीरपणे म्हणाले. "या राज्यात नातेवाईक?"

"साहेब, अख्खं गावच माझी सासुरवाडी. हिचे मामा, मावश्या, आजी. तुमच्या खिडकीला रंग दिला तोसुद्धा माझा साडू."

"ते सगळं आईकडचं. आई लग्न होऊन तिकडं गेली, म्हणजे नात्याची बदली झाली. बापाकडचं नातं दाखवा."

"बापाकडचं इकडं कुणी नाही."

"मग बापानंच येऊन राहावं."

घरजावई होण्यात या डोंगरपट्ट्यात काही कमीपणा नाही. जावई सासूच्या शेतात राबतो, पोटभर खातो. पण ते लग्नाच्या वेळी ठरतं, मुलगी नववीत गेल्यावर नाही. ग्रेसीच्या आईनं, मंगळीबाईनं, नवऱ्याची गोधडी गुंडाळून त्याच्या खांद्यावर ठेवली. "जा माझ्या माहेरी. सासर काय असतं ते कळेल एकदाचं."

सासू जसोदाबाई हरखून गेली. अंगणात खाट टाकली, कोंबडा कापला. नेमके तेव्हाच रतिलालभाई रहिवास तपासणीला आले. रश्श्याचा वास येताच त्यांचा चेहरा पडला.

"जावयाला कोंबडा? मग हा पाहुणा झाला. पाहुण्याला रहिवास नसतो. घरातल्या माणसाचा एवढा मान कोण ठेवतं?"

"मग काय करू, भाई?" जसोदाबाईनं विचारलं.

"अपमान. पुढच्या तपासणीत प्रत्यक्ष दिसला पाहिजे."

पुढच्या तपासणीत जसोदाबाईनं कसर ठेवली नाही. "ऊठ रे, म्हशीसारखा लोळतोस! खातोस तिघांचं, नांगरतोस अर्ध्याचं! पोरगी तुझ्या पदरात घातली त्या दिवशी माझं डोकं कुठं चरायला गेलं होतं!"

"जरा सावकाश, मावशी," रतिलालभाई लिहिता लिहिता म्हणाले. "'चरायला'च्या पुढं काय?"

म्हातारीला इतक्या वर्षांचं एकेक आठवत गेलं. कागद पुरेना, पुरवणी जोडावी लागली. शेवटी रूपसिंगच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तेही नोंदवलं गेलं: 'अश्रू समक्ष पाहिले. रहिवास सिद्ध.'

दाखला घेऊन बापलेक खिडकीवर गेले. ग्रेसीनं तेल लावून दोन वेण्या घातल्या होत्या.

"अभिनंदन. तुम्ही आता इथले," रतिलालभाई म्हणाले. "मुलगी कुठं शिकली?"

"तिकडंच, आठवीपर्यंत."

"म्हणजे परराज्यातली उमेदवार, जिचा बाप या राज्यात राहतो."

"हां! मग नातं झालं ना?"

"नातं उत्तम आहे. पण नात्याचा प्रवेशाला उपयोग नसतो. नियम पहिल्यापासून तोच आहे. मुलीचा स्वतःचा रहिवास लागतो, तीन वर्षांचा."

"मग एवढं विचारलंत कशाला?"

"बाहेरचा माणूस आला की चौकशी करण्याची पद्धत आहे. शिवाय आता जागाही भरल्या. सगळे स्थानिक."

ग्रेसी खिडकीशी पुढं झाली. "साहेब, या गावातली माझ्या वयाची सगळी पोरं माझी मामेभावंडं, मावसभावंडं. त्यांच्यातल्या एकाचंही नाव यादीत लागलं नाही. मग स्थानिक कोण?"

खिडकी जेवणासाठी बंद झाली.

ग्रेसी बापासाठी थांबली नाही, नाल्याच्या रस्त्यानं चालू लागली. रूपसिंग फाटकाशी उभा राहिला, तर एक पांढरी मोटार येऊन थांबली. काच खाली झाली, गार हवा बाहेर आली. मागच्या सीटवर नव्या दप्तराचा मुलगा होता.

"दादा, इथं शाळेमागं बंद पडलेली पोल्ट्री कुठंय?"

"कुणाला भेटायचं?"

"भेटायचं नाही हो. आम्ही तिथं राहतो. तीन वर्षांचा भाडेकरार आहे ना! म्हटलं, मुलानं एकदा घर बघितलेलं बरं, कुणी विचारलं तर."

रूपसिंगनं बोटानं वाट दाखवली. काच वर गेली. आतला चेहरा त्याच्या ओळखीचा नव्हता. वाचक महाराज, तुमच्या असेल. अगदी रोज आरशात दिसत असेल, तर रागावू नका; परतताना मोटार तेवढी हळू हाका. त्याच रस्त्यानं ग्रेसी चालत घरी निघाली आहे.