दादाच्या दहाव्याला जाझ

"आधी हात धुऊन ये. मंग तव्याला कडेनं धर. मधी बोट लावायचं न्हाई."

दहाव्याच्या सकाळी कुंडलिका नदीच्या वाळूत भाताचा पिंड वळताना गजाननाला भालचंद्रदादाचा हा आवाज स्पष्ट आठवला. संध्येची पळी-पंचपात्री कुठे ठेवली हे ज्या माणसाला कधी सांगता आलं नाही, तो ग्रामोफोनच्या तव्यांचं मात्र एवढं सोवळं पाळायचा. आणि तवे तरी कसले? अभंग नाही, नाट्यगीत नाही. जाझ. सातासमुद्रापलीकडचं पितळी वाद्यांचं रडणं-ओरडणं. गजानन भिंतीपलीकडे स्तोत्र म्हणायला बसला की इकडे तुतारी सुरू व्हायची, आणि देवाला नेमकं काय पोचत असेल या काळजीनं तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा.

दादा जालना स्टेशनात मालधक्क्यावर कारकून होता. विषमज्वरानं गेला. मूलबाळ नव्हतं, म्हणून क्रियाकर्म धाकट्या भावाकडे आलं. गजानन शाळामास्तर. सोमवार, शनिवार, एकादशी असे त्याचे उपास, परान्न वर्ज्य. क्रिया यथासांग करायची, त्यात कसर ठेवायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

पिंड मांडला, हात जोडले, सगळे मागे सरले. बाभळीवर कावळ्यांची सभाच भरली होती. एकही खाली येईना.

पलीकडे दुसऱ्या एका घरचं दहावं चाललं होतं. त्यांचा म्हातारा जन्मभर जेवणाच्या ताटावर रुसत आलेला, हे सगळ्या जुन्या जालन्याला ठाऊक होतं. त्यांचा पिंड मांडून होतोय न होतोय तोच एक कावळा आला, शिवला आणि गेला. मेल्यावर मात्र म्हातारा विनातक्रार निघाला.

"काही इच्छा राह्यली असंल," गुरुजी म्हणाले. "शब्द देऊन टाका."

गजाननानं हात जोडले. "दादा, वहिनीला अंतर देणार न्हाई." कावळे मान वाकडी करून बघत राहिले. "घराची वाटणी करणार न्हाई." एक कावळा उडाला आणि वरच्या फांदीवर जाऊन बसला.

स्टेशनातला हमाल रामकिसन खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसत पुढे आला. "मास्तर, एक सांगू का? आमच्या बाबूंचा जीव त्या गाण्याच्या पेटीत अडकेल हाय. घेऊन येऊ?"

"वेडा का काय तू? सुतकात गाणं?"

"मंग मोक्ष अडकू द्यायचा का?" रामकिसननं विचारलं. गजाननानं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी आभाळाकडे पाहिलं. ऊन चढत होतं. शास्त्रात याला मनाई आहे का, हे त्यांना आठवत नव्हतं, कारण शास्त्र लिहिणाऱ्यांना जाझ ठाऊक नव्हतं.

रामकिसन पेटी आणि वर असलेला एक तवा घेऊन धावत आला. पेटी वाळूत ठेवली, चावी भरली, सुई टेकवली. क्षणभर खरखर झाली आणि मग कुंडलिकेच्या पात्रात तुतारी अशी काही किंचाळली की बाभळीवरचे झाडून सगळे कावळे एका दमात उठले आणि नदी ओलांडून स्टेशनाच्या बाजूला गेले. झाड रिकामं झालं.

तेवढ्यात वरच्या अंगाला तिसऱ्या एका घरचा पिंड नुकताच मांडला गेला होता. तिथला मुंडण केलेला जाडजूड माणूस उघड्या अंगानं तरातरा आला.

"काय करून राह्यले हो तुम्ही? आमचे कावळे होते त्याच्यात."

"बंद कर, रामकिसन," गजानन कसाबसा म्हणाला.

"बाजू संपल्याबिगर बंद करायची न्हाई, बाबूंनी बजावेल हाय," रामकिसन म्हणाला. बाजू संपेपर्यंत दोन्ही घरची माणसं उन्हात उभी राहिली.

"दर्भाचा कावळा करू," गुरुजी शेवटी म्हणाले. "शास्त्रात तशी सोय आहे."

गजाननाला ते पटेना. गवताच्या कावळ्यानं वाट मोकळी करायची म्हणजे दादा खरा कुठे पोचला, हे कधी कळायचंच नाही. सख्खा भाऊ. त्याची एक इच्छा आपल्याला ठाऊक असू नये?

आणि मग त्याला ते बोट आठवलं.

शेवटच्या दिवशी कापडवाले कचरूलाल शेठ दादाला भेटायला आले होते. दोघांची मैत्री जाझची आणि भांडणही जाझचं. दादा एकदा सिकंदराबादेला रेल्वेच्या नाचाच्या हॉलात साक्षात बँड ऐकून आला होता. तेव्हापासून त्याचं एकच म्हणणं, समोर बसून ऐकावं ते जाझ, तवा म्हणजे वाळवलेली भाजी. कचरूशेठचं म्हणणं बरोबर उलटं. त्या दिवशीही शेठ खाटेशी बसून म्हणाले, "दादा, कबूल करा, तवाच खरा." दादानं उत्तर द्यायला बोट वर केलं. उत्तर काही आलं नाही. थोड्या वेळानं बोटही खाली आलं.

शेठ आताही थोडे लांब, चपला हातात घेऊन उभे होते. जैन असल्यानं पिंडाबिंडावर त्यांचा विश्वास नव्हता, दोस्तासाठी आले होते. गजानन त्यांच्यापुढे गेला.

"कचरूशेठ, एवढंच म्हणा, दादाचं बरोबर होतं."

"कसं म्हणू, गजाननराव? झूट न बोलायचा नेम हाये माझा. आत्ता सामायिकाचं ध्यान करून आलो."

"नेम मलाबी आहेत. पण माझा भाऊ तिथं अडकलाय."

"मंग मी आता झूट बोलून त्याला फसवू? जिवंत होता तेव्हा न्हाई फसवलं." शेठचं मत हललं नाही. "तवा कधी बदलत न्हाई. माझ्या त्या आवडत्या तव्यात मधीच कोणी तरी खोकतं. हजार वेळा लावा, खोकला बराबर तिथंच येतो. माणसाचा भरोसा न्हाई, तव्याचा हाये."

"दादा म्हणायचा, त्या अख्ख्या तव्यात तेवढा खोकलाच जिता आहे," गजानन बोलून गेला. आपल्याला हे पाठ आहे याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. "दादा म्हणायचा, तीन मिन्टं झाली, जागा संपली, म्हणून गाणं संपवायचं, हा काय न्याय झाला? तिथं वाजवणाऱ्याला स्वतःला ठाऊक नसतं पुढं काय येणार. एकजण थांबतो, दुसऱ्याकडे बघतो, आणि तो दुसरा..."

"आणि तो दुसरा चुकतो. पैशे देऊन चुका ऐकायच्या?"

"चुकला की सगळा बँड त्याला सावरून घेतो, तेच तर ऐकायचं, दादा म्हणायचा."

"म्हणायचा, म्हणायचा. तुम्ही ऐकलं का? मी गेल्तो का सिकंदराबादेला? मंग कबूल कशावर करू?" शेठ हट्टाला पेटले. "तुम्ही जा. तुम्हाला दोन्ही आवडत न्हाई, म्हणजे तुमच्याइतका न्यायी माणूस जालन्यात न्हाई. कानानं ऐका आणि मला सांगा. तुम्ही म्हणाल ते मी मानतो."

गजाननानं डोळे मिटले. नाचाचा हॉल, दारू, फ्रॉक घातलेल्या बायका. तो कार्यक्रम असतो शनिवारी, आणि शनिवारी मारुतीचा उपास. त्यानं ओंजळीत पाणी घेतलं. "दादा," तो हळू म्हणाला, "मी जाईन. समोर बसून ऐकीन आणि शेठला खरं काय ते सांगीन." पाणी सोडून त्यानं डोळे उघडले. पिंडाचा वरचा भाग उष्टावलेला होता.

"शिवला," तो म्हणाला आणि तिथंच वाळूत बसून रडला. कचरूशेठनी चपला खाली ठेवून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

परतताना गुरुजी त्याच्याजवळून चालत होते. त्यांनी घसा साफ केला. "गजानन, तुला सांगावं का न्हाई कळेना. एक कावळा परत येऊन आधीच शिवून गेल्ता. तुमचं दोघांचं भांडण रंगात आल्तं ना, तेव्हा. पाणी तर तू नंतर सोडलंस."

"म्हणजे शब्दाची गरजच नव्हती?"

"बिलकुल नव्हती. आणि शिवाय वर्षभर करमणूक वर्ज्य. तू सुटलास."

नदीच्या पुलावर गजानन थांबला. मग म्हणाला, "करमणूक वर्ज्य आहे ना, गुरुजी? मला करमणूक व्हायची न्हाई."

तेरावं झालं, सुतक फिटलं. शुक्रवारी दुपारी त्यानं धोतर, पंचा आणि उपासाचे भाजलेले दाणे पिशवीत भरले. बायकोला शाळेच्या कामाचं सांगावं असं मनात आलं, पण खोटं कशाला, म्हणून नुसतं "येतो" म्हणाला. ओसरीत अरुंधतीवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. दादा गेल्यापासून त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या.

"भावजी, सिकंदराबादेला निघालात?"

त्यानं मान हलवली. रामकिसनच्या पोटात काही राहत नसे.

"तुतारीवाला डाव्या हाताला बसतो म्हणे. तिकडची खुर्ची धरा." वहिनींनी पदर सारखा केला. "आणि आल्यावर शेठच्या आधी मला सांगा, कसं होतं ते."

"सांगतो," गजानन म्हणाला. त्यानं मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी घातली, फिरकीच्या तांब्याचं झाकण घट्ट केलं, आणि दाराचा आवाज होऊ न देता तो स्टेशनाच्या वाटेला लागला.