शिडाखालचं केळवण

उत्तराने या लग्नात हात घातला त्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं, "काकी, तुम्ही फक्त नटायचं! एक गोष्ट इकडची तिकडे होणार नाही!"

रुक्मिणीकाकींनी ते फारच मनावर घेतलं. त्या दिवसापासून त्या खरोखर फक्त नटल्या. हॉल उत्तराने बघितला, केटरर उत्तराने फोडून काढला, गुरुजींच्या दोन तारखांमधलं भांडण उत्तराने मिटवलं. लग्न चुलतबहिणीचं, सपनाचं; पण वजन उत्तराचं उतरलं. ऑफिस अंधेरीला, घर बोरिवलीला, आणि मधल्या वेळात फोन. झोपेत कूस बदलली तरी तोंडातून निघायचं, "हो हो, बघते, सांगते, करते." नवऱ्याला वाटायचं, आपल्यालाच म्हणते. तो बिचारा खूश असायचा.

तर.

एका संध्याकाळी सपना उत्तराच्या स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. चेहरा असा, की लग्न नाही, दाढेचं ऑपरेशन ठरलंय.

"ताई, मला श्रीखंडाचा नुसता वास आला ना, तरी रडू येतं."

महिनाभर केळवणं चालली होती. मावश्या, माम्या, बाबांचे गिरणीतले जुने मित्र, खालच्या मजल्यावरच्या काकू. प्रत्येक घरी श्रीखंड, प्रत्येक घरी शेवटची पुरी तोंडात कोंबणं, आणि प्रत्येक घरी, "सासरी गेल्यावर कळेल हो!"

"मला दोन तास देशील?" सपना म्हणाली. "कुणी भरवणार नाही, कुणी काही विचारणार नाही. बस, दोन तास."

उत्तराला बहिणीची फार दया आली. आणि दया आली की माणूस नको ते बोलतो.

"देईन! मी आहे ना!"

आयडिया दीप्तीची. सपनाची ही कॉलेजमधली मैत्रीण जेवणाचा फोटो काढल्याशिवाय जेवत नाही आणि काढल्यावर जेवायचं विसरते. ग्रुपवर काय झालं ते जसंच्या तसं देतो. सांगून पटायचं नाही.

ग्रुपचं नाव: सपनाचं गुपचूप केळवण
दीप्ती: गर्ल्स!!! ब्राइडल सेलिंग क्रूझ!!! पांढरं शीड!!! गोराईची खाडी!!!
उत्तरा: हळदीच्या दिवशी दुपार सोडून वेळ नाही.
दीप्ती: झकास! दुपारी सेलिंग, संध्याकाळी हळद!
सपना: तिथे श्रीखंड नसेल ना?
दीप्ती: सँडविच!!!
सपनाने रुक्मिणीकाकींना जोडलं.
उत्तरा: सपना हे काय केलंस
सपना: अगं चुकून! आईला फोटो पाठवत होते!
रुक्मिणीकाकींनी दत्ताराम नानांना जोडलं.
रुक्मिणीकाकींनी चार मावश्यांना जोडलं.
दत्ताराम नाना: 🙏 शुभ सकाळ 🙏
दत्ताराम नाना: नवरीबरोबर घरचो एक पुरुष माणूस होयोच.

घरचा पुरुष माणूस म्हणजे अर्थातच नाना स्वतः, काकींचे थोरले भाऊ. इथेच वाट लागली होती. पण वाट लागते तेव्हा आवाज होत नाही, म्हणून माणूस पुढे चालत राहतो.

निघताना काकींनी उत्तराला दारातच पकडलं. अंगावर हळदीसाठीची पिवळी साडी, केसांत रोलर.

"हे बघ. संध्याकाळी दहिसरहून उष्टी हळद येणार. सुबोधला लावून झाली की त्याच वाटीतली. त्यांच्यात रीत आहे, सूर्य मावळायच्या आत नवरीला लागलीच पाहिजे. नाहीतर त्याची आत्या जन्मभर बोलून दाखवेल. मला नाही, सपनाला! कळलं?"

"काकी, चारला परत! मी आहे ना!"

पुन्हा तेच! जीभ काही ऐकत नव्हती.

जेट्टीवर क्रूझ उभी होती. फोटोत होती ती क्रूझ. प्रत्यक्षात होती बाळा नावाच्या होडीवाल्याची मासेमारीची होडी, पांढरा रंग मारलेली. शीड एका जुन्या जाहिरातीच्या फ्लेक्सचं शिवलेलं. उघडलं तेव्हा त्यावर दातांच्या दवाखान्यातल्या बाईचं छपराएवढं हसू निघालं आणि खाली अक्षरं: 'हसा मनमोकळे!'

"इंजिन?" उत्तराने विचारलं.

"दुरुस्तीक दिलेला आसा," बाळा म्हणाला. "शीड आसा मां! सेलिंग सांगितल्यात ना तुम्ही?"

मावश्या चढल्या. प्रत्येकीच्या हातात स्टीलचा डबा. सपनाने डब्यांकडे बघितलं, मग उत्तराकडे. उत्तराने पाण्याकडे बघितलं. डब्यात काय होतं, ते सांगायला हवं का?

दीप्तीने सपनाच्या खांद्यावर 'ब्राइड टू बी'चा सोनेरी पट्टा चढवला. सगळे बसले. बाळाने दोरी सोडायला हात घातला आणि नानांनी हात वर केला.

"थांब! गाऱ्हाणा घातल्याशिवाय होडी हलूची नाय!"

"नाना, छोटंसं हां," उत्तरा म्हणाली.

छोटंसं गाऱ्हाणं कोकणात अजून कुणी ऐकलेलं नाही. नाना नारळ घेऊन उभे राहिले, डोळे मिटले, आणि आवाज लावला तो पलीकडच्या किनाऱ्यावर पोचला. प्रत्येक मागणीला होडीतल्या सगळ्यांनी होकार भरायचा.

"बा देवा म्हाराजा! बारा वाडीच्या, बारा वाटेच्या, बारा येशीच्या देवा म्हाराजा!"

होय म्हाराजा!

"आज ही जी काय तुझी लेकरा खाडयेर जमलेली आसत, तेंका सांभाळून घे रे म्हाराजा!"

होय म्हाराजा!

उत्तराने घड्याळ बघितलं. ती बाळाच्या कानाशी वाकली, "पाणी उतरत नाहीये ना?"

"उतारता तर! ओहोटी कधीच लागली."

"मग निघा ना!"

"गाऱ्हाणा मधीच तोडूचा नाय, ताई. पाप लागता." बाळा मूळचा देवगडचा निघाला.

"आमच्या बिल्डिंगीचा रिडेव्हलपमेंट जा काय अडकलेला आसा, ता मार्गाक लाव रे म्हाराजा!"

होय म्हाराजा!

"बिल्डराक बुद्धी दी, आणि दिलेली बुद्धी ताबो मिळासर तशीच ठेव रे म्हाराजा!"

होय म्हाराजा! (इथे मावश्यांचा आवाज फारच चढला.)

"नाना," बाळा हळूच म्हणाला, "माझ्या इंजिनाचा पण घाला ना."

"ह्या बाळाचा इंजिन..."

उत्तरा खाली बसली. इंजिन झालं. बाळाच्या भावाचं लग्न झालं. थोरल्या मावशीचा गुडघा झाला. जेट्टीच्या पायऱ्या एकेक करून पाण्यातून वर येत होत्या, आणि प्रत्येक पायरीला होडीतले सगळे म्हणत होते, होय म्हाराजा! शेवटी शेवटी उत्तराही म्हणायला लागली. थकलेल्या माणसाला सगळ्यांबरोबर ओरडणं हीच विश्रांती वाटते.

नारळ फुटला. होडी निघाली. शिडात वारा भरला, दवाखान्यातली बाई फुगून हसली, मावश्यांनी टाळ्या वाजवल्या, दीप्तीने रील काढली. रील संपायच्या आत होडीखाली काहीतरी लोण्यासारखं मऊ लागलं.

होडी थांबली.

"हे काय?" दीप्ती म्हणाली.

"चिखल," बाळा म्हणाला. "आता भरती येईसर बसा."

"म्हणजे कधी?"

"दिवेलागणीक."

जेट्टी समोर दिसत होती. एवढी जवळ, की तिथल्या भेळवाल्याने कांदा कापला तर होडीत डोळ्यांना पाणी यावं. मधे पाणी नव्हतं. काळा, चकाकणारा, मेच्या उन्हात वाफाळणारा चिखल होता.

"बाळा, गाऱ्हाण्याच्या आधी सांगायचंत ना!"

"आधी भरतीच होती, ताई."

नाना नारळाचा तुकडा चावत म्हणाले, "देवाचीच इच्छा. जमीन खय आणि पाणी खय, ता तेकाच ठाऊक."

फोन वाजला. काकी! उत्तराने तो कानापासून लांब धरला, तरी आख्ख्या होडीला ऐकू गेलं.

"निघालात का?"

"काकी... आम्ही... आहोत तिथेच आहोत."

"म्हणजे कुठे?"

"खाडीत. म्हणजे चिखलात. म्हणजे खाडीच्या चिखलात."

पलीकडे रोलर जमिनीवर पडल्याचा आवाज. मग, "आत्याबाई वाटी घेऊन निघाल्यात! त्यांना तिकडेच वळवते. जेट्टीवर! उत्तरा, काहीही कर, सूर्य मावळायच्या आत हळद! मी पाट, तेल, आरतीचं घेऊन येते." फोन बंद.

उत्तराने सपनाकडे बघितलं. आता रडेल, ओरडेल, निदान मला बोल तरी लावेल.

सपना झोपली होती. शिडाच्या सावलीत, दोरीच्या वेटोळ्यावर डोकं ठेवून, तोंड किंचित उघडं. महिन्याभरात पहिल्यांदा.

"उठव तिला," थोरली मावशी म्हणाली. "दोन घास श्रीखंड तरी..."

"हात लावायचा नाही!" उत्तरा असं ओरडली की मावशीने डबा पदराखाली घेतला. "झोपू दे. वाटी मी आणते."

"कुठून?"

उत्तराने चपला काढल्या. साडी खोचली. पदर बांधायला हाताशी काही नव्हतं, सपनाच्या अंगावरून घसरलेला सोनेरी पट्टा होता. तोच छातीवरून घेऊन करकचून बांधला आणि ती होडीच्या काठावरून खाली उतरली.

पहिलं पाऊल गुडघ्यापर्यंत गेलं. दुसरं त्याहून खाली. तिसऱ्याला ती तोंडावर पडली.

"कांदळवनाच्या कडेन जा, ताई!" बाळा ओरडला.

"काय रील आहे यार!" दीप्ती ओरडली.

अर्ध्या वाटेत उत्तरा थांबली. पुढे जाता येईना, मागे जाता येईना, आणि कमरेला बांधलेल्या पाउचमधला फोन वाजत होता. मंडपवाला. तिने काळ्या बोटाने उचलला. "हो, सांगते. खुर्च्यांना पिवळी कव्हरं. बघते. हो. करते." मग पुन्हा चालायला लागली.

ती जेट्टीच्या पायऱ्या रांगत चढली तेव्हा तिचे फक्त डोळे पांढरे उरले होते.

वर दहिसरच्या आत्या उभ्या. हातात झाकलेली वाटी. आत्यांना मोतीबिंदू, ऑपरेशन लग्नानंतर ठरलेलं. बरोबर शेजारच्या दोघी होत्या, त्यांनी नवरी अजून बघितलीच नव्हती. तिघी आधी सूर्याकडे बघत होत्या, मग चिखलातून वर येणाऱ्या या प्रकाराकडे.

एकीने चिखल पुसून पट्ट्यावरची अक्षरं वाचली. "ब्राइड टू बी. हीच!"

"अगं बाई माझी ती!" आत्या गहिवरल्या. "हळदीसाठी चिखल तुडवत आली! अशी सून मिळायला नशीब लागतं हो!"

"नाही, मी..." उत्तरा म्हणाली.

"एक शब्द बोलायचा नाही. बस इथे."

बसवलीच तिला. भेळवाल्याकडून स्टूल आलं. बाटलीभर थंड पाण्याने तोंड धुतलं. आणि मग हळद लागली. गार, मऊ हळद. कपाळाला, गालांना, मानेला, कोपरांना. आत्यांचे हात सुरकुतलेले होते आणि फार सावकाश फिरत होते.

"मी नवरी..." उत्तराने पुन्हा सुरुवात केली.

"माहीत आहे गं, राजा. दमलीस ना? आता तुला कसली काळजी करायची नाही. सगळं आम्ही बघू. तू नुसती बस."

*तू नुसती बस.*

उत्तराचे डोळे मिटले. पुढचे दोन शब्द तोंडात तयार होते. 'नाही हो.' बस, एवढेच. पण हळद मानेवरून खाली उतरत होती, वारा सुटला होता, फोन दुसऱ्या बाईच्या हातात होता आणि ती बाई कुणाला तरी सांगत होती, "नवरीला आता त्रास देऊ नका!" तुम्ही असता तर बोलला असता. बोलला असता का?

उत्तराने दुसरा गाल पुढे केला.

किती वेळ गेला, देव जाणे. पाण्याचा चुबूक चुबूक आवाज आला. मग होडीतल्यांची ओरड आली. आणि मग रिक्षा थांबली आणि पाठोपाठ जी किंकाळी आली ती पलीकडच्या गावातल्या कुत्र्यांनीही ऐकली.

"अहो आत्याबाई! ही आमची उत्तरा! हिला दहावीतला मुलगा आहे!"

काकी पाट घेऊन उभ्या. आत्या वाटी घेऊन उभ्या. वाटी रिकामी. बोट फिरवलं तरी करकर वाजेल अशी रिकामी. सूर्याचा खालचा अर्धा भाग कांदळवनात गेलेला.

"आता?" काकी पाटावरच बसल्या. "सुबोधची हळद संपली? लग्न दुपारचं, परत कुठून उष्टी आणायची?"

उत्तराला वाटलं, आताच परत चिखलात जावं आणि या वेळी वर येऊच नये. दोन तास द्यायचं कबूल केलं होतं पोरीला, आणि तिची हळद घेऊन बसले.

होडी जेट्टीला टेकली. सपना उतरली. डोळे टपोरे, गालावर दोरीचे वळ, आणि अशी ताजी की सकाळी साडेसातला शाळेत निघालीय. तिने रिकामी वाटी बघितली, आईला बघितलं, सूर्याला बघितलं, पिवळ्याधमक उत्तराला बघितलं. आणि एकही प्रश्न न विचारता पुढे येऊन आपला गाल उत्तराच्या गालावर घासला. मग दुसरा. मग कपाळ.

"ताई, झोप काय लागली गं!" ती कानात म्हणाली.

सगळ्यांनी नानांकडे बघितलं. नाना गंभीर झाले. "नवऱ्याची उष्टी उत्तराक, उत्तराची उष्टी सपनाक. उष्टी ती उष्टी. लागली!"

सूर्य बुडाला. मावश्यांनी ओव्या सुरू केल्या. काकींनी डोळे पुसले आणि लगेच रिक्षाच्या आरशात बघितलं.

आत्या मात्र उत्तरासमोरून हलल्या नाहीत. वाकून, डोळे बारीक करून बघत राहिल्या. उत्तराने मान खाली घातली. आता ऐकायचं होतं. ऐकायलाच हवं होतं.

"म्हणजे तू नवरी नाहीस."

"नाही."

"मग गप्प का बसलीस?"

उत्तराने सोनेरी पट्ट्याची गाठ सोडायला घेतली.

"थांब थांब," आत्यांचा चेहरा उजळला. "उत्तरा म्हणजे ती हॉलवाली, केटररवाली, सगळं बघते ती? अगं, तूच होय! चार दिवस फोन लावतेय तुला! उद्या आमच्या बसने पार्किंग कुठे करायचं?"

उत्तराने गालावरची हळद पुसली.

"हॉलच्या मागे," ती म्हणाली. "डावीकडून."